पसरला नाही, दुसरा आहे

कापसाची दुसरी वेचणी चालू होती, तेव्हा बयनाबाईला पुन्हा लाल दिसलं. पाळी जाऊन दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस तिने ढिगावर ओतला, पऱ्हाटीच्या आडोशाला जाऊन पाहिलं, लुगडं नीट केलं आणि परत येऊन वेचायला लागली. शेजारच्या ओळीत तिची सून सुवर्णा होती.

"काय झालं आई?" सुवर्णाने विचारलं.

"काई नाई. काटा गेला पायात."

बयनाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. तेलंगणातल्या बेल्याजवळच्या त्या गावात उद्धवरावांची बायको म्हणजे तोंडावर बोलणारी, असाच तिचा लौकिक होता. पण ह्या एका गोष्टीबद्दल तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि त्याचं कारण फार जुनं होतं.

तिचं माहेर पैनगंगेच्या पलीकडे. ती परकर नेसायच्या वयाची असताना तिच्या आईच्या अंगावरून असंच जायला लागलं. लोक आधी म्हणाले उष्णता आहे, मग म्हणाले बाहेरचं आहे. भगत आला, लिंबं कापून झाली, उंबऱ्यावर खिळे ठोकून झाले. शेवटी आईची बाज गोठ्याकडे नेली, कारण घरात वास मावेना. शेजारपाजारच्या बायका नाकाला पदर लावून भेटायला यायच्या आणि लहानगी बयना त्यांच्या पदरांकडे बघत उभी असायची. आईचे कपडे ओढ्यावर धुवायचं काम तिचंच होतं. ती दगडावर कपडा आपटायची आणि खालच्या बाजूला पाणी लाल होत जायचं. आईला काय झालंय हे तिला कोणी सांगितलं नाही. एका दुपारी ती ओढ्यावरून परत आली तर आईला अंगणात आणून ठेवलेलं होतं.

म्हणून आता बयनाबाई गप्प राहिली. घरातले उठायच्या आत कपडे धुवून ती उपड्या पाटीखाली वाळत घालायची. दिवसातून कितीदा तरी स्वतःचाच वास घेऊन बघायची. सुवर्णा भाकरी थापायला जवळ येऊन बसली तर ही हळूच सरकायची. तूर निघाली, शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, होळी आली तरी ती बोलली नाही. रक्त कधी थांबायचं, तेव्हा वाटायचं, गेलं. मग पुन्हा यायचं.

सुवर्णाच्या लक्षात आलं होतं. पण सासूला थेट विचारलं तर ती उडवून लावेल, हेही तिला ठाऊक होतं. एका सकाळी ती म्हणाली, "आई, मले आदिलाबादले डाक्टरनीकडे जायचं हाय. एकटीले भेव वाटते. चाला ना माझ्यासंगं."

सुनेला दिवस गेले असतील अशा समजुतीने बयनाबाई खुशीत निघाली. बसमध्ये तिने सुवर्णाला खिडकीची जागा दिली.

डॉक्टर चारुलता ह्या आदिलाबादेतल्या जुन्या मराठी घरातल्या. आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार होते. बाई नर्सशी तेलुगूत बोलायच्या, औषधवाल्याशी हिंदीत, आणि बेल्याकडच्या बाया आल्या की मराठीत. तपासायच्या खोलीत गेल्यावर सुवर्णा म्हणाली, "मले काई नाई झालं मॅडम. माझ्या सासूले तपासा."

बयनाबाईने सुनेकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर पळाली असती. सुवर्णा दाराला पाठ लावून उभी राहिली.

"कधीपासून जातंय?" डॉक्टरांनी विचारलं.

बयनाबाईने छताकडे पाहिलं. "कापसापासून," ती म्हणाली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यांनी सोनोग्राफी केली, गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतला आणि सुवर्णाला सांगितलं, "निकाल आला की मी फोन करीन. यांच्या मालकांना आणि मुलालाही घेऊन या."

मालकांना आणि मुलालाही, म्हणजे काय ते बयनाबाईला परतीच्या बसमध्येच कळलं होतं.

निकाल सांगताना डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "पिशवीच्या आतल्या अस्तराला कॅन्सर आहे. पण तो पिशवीतच दिसतो. पिशवी काढली की पुष्कळदा बाई बरी होते. नागपूरला जायला लागेल, चिठ्ठी मी देते."

उद्धवराव टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांनी ती नुसती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मुलगा जीवन कधी निघायचं, कुठं उतरायचं ते विचारत राहिला. बयनाबाईला एवढंच विचारायचं होतं.

"वास येईन का मले?"

डॉक्टरांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "नाही. तिथवर जाऊच द्यायचं नाही आपण."

त्या एका वाक्याच्या आधारावर ती नागपूरला गेली.

नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी तिचं पोट यंत्रातून तपासलं. दुसऱ्या दिवशी सर्जननी जीवनला आणि तिला आत बोलावलं. सर्जन शांत माणूस होते, सावकाश बोलायचे. "पिशवीचं आपल्याला माहीतच आहे. पण मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला, भिंत जाड दिसते आहे."

"म्हनजे?" जीवनने विचारलं.

"म्हणजे काय ते आज नाही सांगता येणार. आतड्यात दुर्बीण घालून बघायचं, तुकडा घ्यायचा. तोवर ऑपरेशन थांबवू."

त्यांनी सांगितलं ते साधंच होतं, पण बयनाबाईच्या कानात 'थांबवू' एवढंच राहिलं. बाहेरच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. तिने आपुलकीनेच विचारलं, "कशाचा हाय तुमचा?"

"पिशवीचा."

"मंग कापत काऊन नाई?"

"आतड्यात काईतरी दिसलं म्हनते."

"पसरला असन बाई," ती बाई म्हणाली आणि तिने बयनाबाईचा हात धरला. "माझ्या नणंदेचं असंच झालतं. पसरला की मंग चाकू नाई लावत."

बयनाबाईने जीवनकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. वाचता वाचता त्याने मोबाइल खिशात घातला आणि नंतर जिन्याकडे, पंख्याकडे, सगळीकडे बघितलं, पण आईकडे बघितलं नाही. त्यावरून तिने जे समजायचं ते समजून घेतलं.

दुर्बिणीच्या आधी पोट साफ व्हायला खारट औषध प्यायला दिलं. ते पिऊन पिऊन ती गळून गेली. गुंगीतून जागी झाली तेव्हा जीवनचे डोळे लाल होते.

"काय म्हने डाक्टर?"

"गाठ हाय माय. तुकडा घेतला. ते म्हनते, निकालाले वेळ लागन, घरी जा."

घरी जा म्हणाले, हे तिने मनात दहादा घोळवलं. ज्याचं काही करता येत नाही, त्यालाच घरी पाठवतात.

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. उद्धवरावांची थोरली बहीण विमलबाई गाठोडं घेऊन हजर झाली, आणि तिच्या गाठोड्याचा आकार बघता ती तेरावं उरकूनच जाणार असं वाटत होतं. ती उंबऱ्यातच रडायला लागली. मग रोज कोणी ना कोणी यायचं. बायका बाजेच्या कडेला टेकायच्या, बयनाबाईच्या पायावरून हात फिरवायच्या, आणि ती त्यांच्या पदरांकडे बघायची. कोणाचा पदर नाकाकडे जातो का? कोणाचाच जात नव्हता. तरी ती बघायची. चुकून एकीने शिंकायला पदर तोंडाला लावला, त्या दिवशी बयनाबाई जेवली नाही.

तिला घास गिळेनासा झाला. झोप लागली की ओढा दिसायचा. जाग आली की पोटात उजव्या बाजूला हात दाबून बघायची आणि तिला प्रत्येक वेळी काहीतरी नवं लागायचं. आज इथं आलं, उद्या तिथं जाईल. पावसाळ्यात बांधावरचा वेल जसा बघता बघता कुठून कुठं जातो, तसं तो आपल्या अंगात चालतोय असं तिला वाटायचं, आणि ती अंग आवळून, न हलता पडून राहायची, जणू हललं तर तो आणखी पुढे सरकेल.

उद्धवराव घरात कमीच थांबायचे. बैलांपाशी बसायचे. एका दुपारी तिने खिडकीतून पाहिलं, तर ते बैलाची मान खाजवत होते. बैल कंटाळून खाली बसला, तरी त्यांचा हात हवेत तसाच हलत होता.

त्या दिवशी सुवर्णा तिच्या केसांना तेल लावत होती. बयनाबाई म्हणाली, "सुवर्णा, एक आयकशील? मले गोठ्यात नको ठेवू."

"गोठ्यात? तुमाले कोन ठेवते गोठ्यात?"

मग बयनाबाईने आईचं सांगितलं. ओढ्याचं, बाजेचं, बायकांच्या पदरांचं. आजवर तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सुवर्णाचा हात केसातच थांबला होता.

"आन तुमचे भाऊ?" सुवर्णाने विचारलं. "वामनमामा? ते कायनं गेले?"

"वामनच्या पोटात गोळा झालता. वाळून गेला पार. चाळिशीतच गेला. पन त्याचं येगळं, पोटाचं होतं."

सुवर्णाने वेणी घातली, आणि त्या रात्री सासूच्या बाजेशेजारी खाली अंथरूण टाकलं. बयनाबाईने तिला हाकललं नाही.

निकाल नागपूरहून आला तो डॉक्टर चारुलतांकडे. त्यांनी फोन करून सगळ्यांना बोलावलं. जीवनने गावातली गाडी सांगितली. आदिलाबाद जवळ आलं तसे बयनाबाईचे हात गार पडत गेले आणि सुवर्णा ते आपल्या हातात घेऊन चोळत राहिली.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "आतड्यातली गाठ कॅन्सरचीच आहे."

उद्धवरावांनी मान खाली घातली. कोणालाच हे नवीन नव्हतं.

"पण ती पिशवीतून पसरलेली नाही. तो दुसरा कॅन्सर आहे. वेगळा."

बयनाबाई म्हणाली, "दोन?"

"हो. दोन."

"एकानं भागलं नाई देवाचं?" ती म्हणाली आणि तिच्या अंगाला कापरं सुटलं. आपण मरणार एवढं तिने मनाशी धरलेलं होतं, पण दोघांनी मिळून मारायचं हे तिला पेलेना. सुवर्णाने तिला मागून धरलं.

डॉक्टर उठून टेबलाच्या ह्या बाजूला आल्या आणि तिच्यासमोर स्टूलवर बसल्या. "बयनाबाई, माझ्याकडे बघा. तुम्हाला दोन म्हणजे वाईट वाटलं. पण मी निकाल वाचला तेव्हा मला हायसं वाटलं. सांगते का ते. पिशवीतला उठून आतड्यात गेला असता, तर तो रक्तातून आणखी कुठं कुठं गेला असेल याची धास्ती होती. तसं झालेलं नाही. दोन्ही तुकडे काचेवर ठेवून, रंग लावून तपासले. पिशवीतला पिशवीच्या पेशींचा आहे, आतड्यातला आतड्याच्या पेशींचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दोन्ही अजून आपापल्या जागी आहेत. सर्जन म्हणाले, एकाच वेळी दोन्ही काढता येतील."

"कापता येईन?" उद्धवरावांनी विचारलं. महिनाभरात त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"येईल."

"दोनी?"

"दोन्ही."

"म्हनजे पसरला नाई?"

"नाही. पसरला नाही, दुसरा आहे."

उद्धवरावांनी टोपी डोळ्यांवर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. लग्न होऊन आल्यापासून बयनाबाईने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे बघूनच तिला पहिल्यांदा वाटलं, की डॉक्टरबाई खरं सांगत असतील.

पण डॉक्टरांचं संपलं नव्हतं. त्या परत खुर्चीवर जाऊन बसल्या. "एक विचारायचं आहे. तुमच्या माहेरी, रक्ताच्या नात्यात, कोणाला असं काही झालं होतं?"

बयनाबाईने सुनेकडे पाहिलं. सुवर्णाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगा ना आई. मले सांगतलं ते."

तिने सांगितलं. डॉक्टर मधेच थांबवून विचारत होत्या: आईचं वय काय असेल, भावाला उलट्या व्हायच्या का, शौचातून रक्त जायचं का. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "नागपूरच्या डॉक्टरांना शंका होतीच. एकाच माणसाला हे दोन कॅन्सर, तेही पन्नाशीच्या आत, तर ते घराण्यातून आलेलं असू शकतं. अंगातल्या पेशी बिघडल्या की त्या दुरुस्त करायची एक सोय शरीरात असते. काही घराण्यांत ती जन्मापासून लंगडी असते. तुमच्या दोन्ही तुकड्यांत तशी खूण दिसली आहे. रक्त तपासलं की पक्कं कळेल."

"म्हनजे माझ्या मायले बाहेरचं नव्हतं?"

"नव्हतं. हेच असावं. तेव्हा कोणी तपासलं नाही, म्हणून खात्रीने नाही सांगता येत. पण मला तसंच वाटतं."

बयनाबाईने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं गावाने आईला झाडावरच्या कोणाच्या तरी स्वाधीन केलं होतं. त्यातून आई सुटली, असं तिला वाटलं. एवढ्यात डॉक्टरांचे पुढचे शब्द कानावर आले.

"आणि मग मुलांचंही रक्त तपासायला हवं. जीवनचं, आणि तुमच्या मुलीचं. आईकडून मुलांत यायची शक्यता निम्मी असते. आलं म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. पण आधी कळलं तर वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीतून बघत राहता येतं, सुरुवातीलाच पकडता येतं."

त्या क्षणी बयनाबाईची स्वतःबद्दलची भीती कुठल्या कुठे गेली, आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. ही आधीच्यापेक्षा मोठी होती.

"म्हनजे मी देलं पोरायले," ती म्हणाली.

"तुम्हाला तरी कोणी विचारून दिलं होतं?" डॉक्टर म्हणाल्या.

मुलगी पूनम नेरडीगोंड्याला दिलेली होती. तिचा नवरा भारत हायवेवर टायरचं दुकान चालवायचा. घरात सासू, एक चार वर्षांची मुलगी. सगळं बरं चाललेलं. घरी आल्यावर उद्धवराव म्हणाले, "पोरीले आत्ता काई सांगू नका. तिच्या सासूच्या कानावर गेलं की पोरगी परत येईन घरी. म्हनतीन, रक्तातच खोट हाय."

विमलबाईनेही मान हलवली. जीवन म्हणाला, "मलेबी नाई द्यायचं रक्त. जे होईन ते होईन." आणि तो बाहेर निघून गेला. सुवर्णा चुलीपाशी बसून होती. तिने नवऱ्याच्या पाठीकडे नुसतं पाहिलं.

बयनाबाईलाही नवऱ्याचं पटलं होतं. तिने ठरवलं, ऑपरेशन होऊ दे, मग पाहू. पण नागपूरला निघायच्या आधी पूनम भेटायला आली, आणि आल्या आल्या पदर खोचून कामाला लागली. तिने आईच्या कपड्यांची पिशवी भरली, नखं कापून दिली. ती वाकली की बयनाबाईला तिची पाठ दिसायची, कंबर दिसायची, आणि ह्या अंगात ते असेल का, कुठं असेल, असं होऊन तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. आपली आईही आपल्या पाठीकडे अशीच बघत असेल का? तिला तर काही माहीतच नव्हतं. मला माहीत आहे.

"पूनम, बस जराशी."

"काय माय?"

"तुले अंगावरून जास्त जाते का? पोटात दुखते का कधी? संडासातून रक्त?"

"नाई. काऊन?"

बयनाबाईने सगळं सांगितलं. शब्द पुढे-मागे झाले, निम्मे डॉक्टरांचे, निम्मे तिचे. पूनम ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने नखांचे तुकडे कागदात गोळा केले, कागदाची पुडी केली आणि उठली.

"मले कदी सांगनार होते तुमी सारे?" तिने विचारलं.

"आत्ता सांगतलं ना."

"बा आन दादाले माईत होतं. वहिनीले माईत होतं. विमलआत्याले माईत होतं." तिचा आवाज चढला नाही. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि दुपारच्या गाडीने ती नेरडीगोंड्याला निघून गेली. नंतर तिने फोन उचलला नाही. नागपूरला निघेपर्यंत नाही, आणि तिथं दाखल झाल्यावरही नाही. ऑपरेशनच्या टेबलावर बयनाबाईला त्या दोन गाठींची आठवणही नव्हती. पोरीचा संसार मोडला, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते मनात असतानाच गुंगी चढली.

ऑपरेशन लांबलं. पिशवी काढली, आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली. तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं, तेव्हा खाटेपाशी पूनम बसलेली होती. शेजारी भारत उभा होता. जावई असल्यामुळे सासूच्या खाटेकडे सरळ बघायचं टाळत तो खिडकीशी बोलल्यासारखा बोलला, "मामी, हिचं रक्त देऊन टाकलं आज. इथीच घेते म्हने."

बयनाबाईच्या घशाला कोरड पडली होती. "तुमची आई?" तिने कसंबसं विचारलं.

"आईले लय काई समजलं नाई," भारत म्हणाला. "आठ दिवस बोलली नाई आमच्याशी. बोलन."

पूनम आईच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होताच. तो कितीतरी दिवस तसाच राहिला. पण पाणी ती घालत होती.

पुढे जे व्हायचं ते एकदम झालं नाही. बयनाबाईला आतड्याच्या गाठीसाठी काही महिने सलाइनमधून औषध घ्यावं लागलं. हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, गार पाण्याला हात लावता यायचा नाही, कापूस वेचणं सुटलं ते सुटलंच. तिच्या रक्तात ती खोट निघाली. पूनमच्याही निघाली. निकाल फोनवर ऐकून पूनम म्हणाली, "ठीक हाय. आता पुढं काय करायचं ते सांगा." जीवनने रक्त द्यायला टाळाटाळ केली. शेवटी सुवर्णाने त्याला सांगितलं, की तू तपासून येईपर्यंत मी मूल होऊ देणार नाही. मग तो गेला. त्याच्यात काही नव्हतं. घरी येऊन त्याने ते आईला सांगितलं आणि बहिणीचं तोंड आठवून त्याला रडू आलं. किती तरी दिवस तो पूनमला फोन करायला लाजत होता.

पूनमची पहिली दुर्बीण नागपूरलाच झाली. बयनाबाई हट्टाने बरोबर गेली. दार बंद झालं आणि ती बाहेरच्या बाकावर बसली. इतकी भीती तिला स्वतःच्या वेळी वाटली नव्हती. दार उघडायचा आवाज झाला की ती अर्धी उठायची, आणि ते दुसऱ्याच कोणाचं दार असायचं. भारत चहा घेऊन आला, तो तिच्या हातात गार झाला.

डॉक्टर बाहेर आले. आतड्यात एक छोटा कोंब होता, वाटाण्याएवढा. तो तिथल्या तिथे काढला. कॅन्सर नव्हता. राहू दिला असता तर काही वर्षांनी झाला असता, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा या.

"पुन्हा?" बयनाबाईने विचारलं.

"दर वर्षी, आजी."

पूनम गुंगीतून उठली तेव्हा तिला सपाटून भूक लागली होती. दवाखान्यासमोरच्या टपरीवर तिने दोन प्लेट पोहे खाल्ले. भारत गाडी लावायला गेला होता. त्यांची मुलगी बयनाबाईच्या मांडीवर बसून पूनमच्या ताटलीतली शेव उचलत होती. बयनाबाईचा हात आपसूक तिच्या पाठीवर गेला, आणि तिथेच थबकला.

पूनमने ते पाहिलं.

"आत्ताच नको माय," ती म्हणाली. "लहान हाय ती. मोठी झाली की मी सांगीन तिले. सारं सांगीन."

बयनाबाईने मान हलवली. भीती गेली नव्हती, ती जाणारही नव्हती. तिने नातीच्या तोंडाला लागलेली शेव पुसली. मग भारतने रस्त्यापलीकडून हाक मारली आणि त्या तिघी उठल्या.